मांजरीच्या डोळ्यांवर धरलेली सावली

आईला जाऊन महिना झाला आणि पहिल्या मासिक श्राद्धाला कावळ्याचं पान राखायचं काम माझ्याकडे आलं. गच्चीवर ठेवलेल्या त्या पानाला कावळा शिवल्याशिवाय आमच्याकडे कुणी जेवत नाही. आमच्या बसवनगुडी भागात झाडं अजून आहेत, कावळे मात्र कमी झालेत. माझी थोरली बहीण, अक्का, सकाळपासून उपाशी होती. आईचं काही मनात राहिलं असेल आणि कावळा येणारच नाही, अशी तिला धास्ती होती.

"स्वल्प लक्ष ठेव," केळीच्या पानाचा एक तुकडा माझ्या हातात देत ती म्हणाली. "मांजर आली तर याने हाकल. आणि पुस्तक घेऊन बसू नकोस."

पुस्तक नेलं नव्हतं. पण शेजारची करडी मांजर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसली होती. तिच्या बाहुल्या मोठ्या, गोल, पिकल्या जांभळासारख्या काळ्या होत्या. ती उठून भर दुपारच्या उन्हात आली आणि त्या आक्रसून उभ्या दोऱ्याएवढ्या झाल्या.

हे मी वाचलेलं होतं. माणसाची बाहुली लहान झाली तरी गोलच राहते. मांजरीची दोन्ही बाजूंनी मिटत येते, सरकत्या दारांसारखी, म्हणून ती फार अरुंद होऊ शकते. तिचा डोळा मुळात अंधुक उजेडाचा. आत आरशासारखा एक थर असतो, तो आलेला उजेड परत फिरवतो आणि डोळ्याला तोच पुन्हा वापरता येतो. अशा डोळ्याला भर ऊन सोसायचं तर दारं घट्टच लावावी लागतात.

वाचलं होतं, घडताना पाहिलं नव्हतं. मी हातातलं पान तिच्या डोक्यावर धरलं. दोऱ्याचा जव झाला, मग जव रुंदावला. पान काढलं, पुन्हा दोरा. पुन्हा धरलं. ती हळूहळू पुढे सरकत होती आणि मी सावली धरून तिच्याबरोबर चाललो होतो. महिन्याभरात पहिल्यांदाच मला बरं वाटत होतं. माझ्याच सावलीत तिने कावळ्याच्या पानावरच्या दहीभातात तोंड घातलं.

"अरे! काय करतोयस?" अक्का जिन्यात उभी होती.

"तिचे डोळे बघत होतो."

"आईचे बघितलेस कधी एवढे?"

मांजर पळाली. अक्काने उष्टं पान उचललं, खालून दुसरं वाढून आणलं.

"तू जा खाली. तू असलास की मांजरच येणार."

खाली म्हातारे काका भिंतीला टेकून बसले होते. "झालं का रे?" त्यांनी विचारलं. "अजून नाही," मी म्हणालो. बऱ्याच वेळाने अक्का उतरली. "शिवला. वाढा आता," ती म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. खरंच शिवला की काकांच्या भुकेसाठी ती तसं म्हणाली, हे विचारायचं तोंड मला नव्हतं.

मी शेवटच्या पंक्तीला बसलो. लाज वाटत होती, आणि भूकही लागली होती. खीर चांगली झाली होती. ती मी दुसऱ्यांदा मागून घेतली, आणि वाढताना अक्काचा हात क्षणभर थांबला.