भिंतीवरची पुसलेली सावली

शालिनीबाई गेल्याचा फोन आला, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते लिहायला हात धजत नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. त्यांचा धाकटा भाऊ सांगत होता, "सर, ताई गेली हो आमची... हार्टचं झालं," आणि मी इकडे हायसं वाटून खुर्चीत बसलो. मग स्वतःचीच अशी भीती वाटली की बायकोलाही काही सांगितलं नाही. त्याला आता महिना होत आला. भीती काही गेली नाही, म्हणून हे लिहितो आहे.

चिखलीच्या आमच्या शाळेत बाई चित्रकला शिकवायच्या, मी गणित. मी मुळातला भित्रा, हेडमास्तरांनी बोलावलं तरी आपलं काय चुकलं ते आठवत जाणारा. बाई कशालाच भीत नसत. शाळेची रस्त्याकडची भिंत रंगवायचं ठरलं तेव्हा आम्हाला वाटलं, सुविचार लिहितील, एखादा मोर काढतील. बाई पंधरा दिवस समोरच्या चहाच्या टपरीवर बसून नुसती ती भिंत बघत होत्या. कोण टेकतं, कोण कुठं उभं राहतं, ऊन कधी येतं, सगळं वहीत लिहायच्या. मेहकरच्या जीपची वाट बघणारी माणसं सकाळी तिथं उभी असत आणि त्यांच्या सावल्या भिंतीवर पडत. "भिंत त्यायचीच आहे सर, आपण फक्त गिरवायचं," त्या म्हणाल्या. मग रोज सकाळी कोळसा घेऊन एकेकाला विचारायच्या, "भाऊ, दोन मिन्टं हलू नका," आणि सावलीची कड गिरवून घ्यायच्या. नंतर आत गडद रंग. चेहरा नाही, कपडे नाहीत, तरी गाव ओळखायचं. "हा तर आपला नामा हमाल, पोट पाह्य ना त्याचं!" म्हणत लोक हसायचे. स्टूल धरायला मी असायचो, आणि खरं सांगतो, इतका आनंद मला आयुष्यात फार थोड्या वेळा झाला.

घोटाळा झाला तो एका भाजीवालीच्या सावलीनं. टोपली वाहून तिचा एक खांदा उतरला होता, त्यामुळे ती कुणालाही ओळखू येई. तिनं हसत होकार दिला होता. तिच्यापासून चांगला चार हात लांब एक माणूस उभा होता, पण कोवळं ऊन तिरपं, त्यामुळे दोघांच्या सावल्या खांद्याशी जुळल्या. बाईंनी जशा पडल्या तशा काढल्या. मी म्हटलं, थोडं अंतर ठेवा. "सावली खोटी कशी काढू, सर?" एवढंच त्या म्हणाल्या. आठवड्याभरात त्या भाजीवालीचा दीर मला बाजारात भेटला. आवाज न चढवता म्हणाला, "सर, गावात लोकं बोलून राह्यले. वहिनीले घरात तरास होऊन राह्यला. पुसून टाका, नाही तं आम्ही दहा जण येतो." बाईंना सांगितलं असतं तर त्या तडक त्याच्या घरी गेल्या असत्या. त्या दहा जणांचा विचार करून माझी जेवणावरची वासनाच गेली. रविवारी भर दुपारी, दुकानांची शटरं खाली असताना, मी शाळेतली चुन्याची बादली घेतली आणि त्या भाजीवालीची सावली पुसून टाकली. घाई इतकी की शेजारच्या माणसाचा अर्धा खांदाही गेला. टपरीवाल्यानं पाहिलं, पण मी रोजचाच, त्याला वाटलं बाईंनीच पाठवलं असेल.

सोमवारी बाई त्या पांढऱ्या डागासमोर कितीतरी वेळ उभ्या होत्या. बोटानं चुना चोळून वास घेतला. "हा आपल्या शाळेतला चुना आहे, सर. बाहेरचं कोणी नाही... आपल्यातलंच कोणी आहे." तेव्हा पहिल्यांदा मी त्यांना मागं वळून बघताना पाहिलं. मी म्हणालो, "असंल कोणी तरी." तेवढंच. बाकीच्या तीन भिंतींची परवानगी हातात होती, पण बाईंनी पुन्हा कोळसा धरला नाही. स्टाफरूममध्ये पाठ दाराकडे करून बसायच्या बंद झाल्या. कुणी मागून हाक मारली की दचकायच्या. आज सांगू, उद्या सांगू करत दोन वर्षं गेली. त्यांच्या घरी जाणं मी टाळायला लागलो.

गेल्या रविवारी गेलो. भाऊ खोली रिकामी करत होता. दाराला आतून तीन कड्या होत्या, दोन नव्या. मी बघतोय हे पाहून तो म्हणाला, "ताई एवढी काऊन भेत होती, आम्हाले समजलंच नाही. कोणी आलं तरी दार उघडे ना. म्हणे, फक्त सर आले तं उघडीन. रोज वाट पाहे तुमची."

मी उंबऱ्याबाहेर आलो, पायात चपला घातल्या. मग वळून सगळं सांगितलं. बादली, दुपार, दीर, सगळं.

"मले काय सांगता, सर... तिले सांगायचं होतं."

त्यानं दार लोटलं. मी पायरीवर उभा होतो तोवर आतून एकेक करून तिन्ही कड्या लागल्या.