आमचा राब

कॉलेजने आमच्या गावाची सेवा केली, ती अजून माझ्या डोक्यात जाते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही कोन गावचे, आणि मी भिवंडीच्या कॉलेजात शिकत होते. विद्यार्थ्यांनी समाजात मिसळावं असं वरून फर्मान आलं आणि आमच्या सरांच्या अंगात एकदम समाज संचारला. एरवी शेतकऱ्याला 'अडाणी' याशिवाय दुसरा शब्द न वापरणारे हे गृहस्थ! त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीतलं स्वच्छतेचं शिबिर नेमकं माझ्याच गावात लावलं. गावाला काय हवंय, हे विचारायची पद्धत नव्हती.

आई दिवाळीपासून राब जमवत होती. आमच्याकडे भाताची रोपं जिथे करायची, तो जमिनीचा तुकडा आधी भाजतात. त्यावर शेण, फांद्या, पालापाचोळा पसरून पेटवतात, म्हणजे तण मरतं आणि रोप जोमाने येतं. वडील नव्हते. सगळी ओझी आईनेच डोक्यावरून आणली होती, आणि घरामागे मोठा ढीग रचला होता.

शिबिरात मला मुलींबरोबर शाळेत भाकऱ्या भाजायला बसवलं. सर वडाखाली खुर्ची टाकून उंटावरून शेळ्या हाकत होते. मुलांनी घरामागचा 'कचरा' उचलला, गावाबाहेरच्या खड्ड्यात ओतला आणि पेटवून दिला. आई रानात गेली होती. शेजारीण ओरडत धावली, तर मुलं तिला म्हणाली, "मावशी, घाणीने रोगराई होते."

मला कळलं तेव्हा ढिगाची राख झाली होती. मी तशीच सरांसमोर गेले.

"सर, तो आमचा राब होता."

"मग राख घेऊन जा ना. खतच ते."

"राख काय करू? जमीन भाजावी लागते."

"तू शिबिरातच होतीस ना? आधी सांगायचं नाहीस?"

चोराच्या उलट्या बोंबा! संध्याकाळी समारोपाला त्यांनी गावाचे डोळे उघडल्याचं भाषण केलं.

पुन्हा राब जमवायला वेळ उरला नव्हता. आईने जमीन न भाजताच पेरलं. रोपं पिवळी पडली, तण त्यांच्या डोक्यावर गेलं, आणि लावणीला रोपं पुरेनात. शेवटी आई काकाकडे गेली. वडील गेल्यावर बांध सरकवून आमची जमीन ढापणारा हा काका. त्याच्या अंगणात पाय ठेवणार नाही, असं तिने चारचौघांत सांगितलं होतं. त्याने तिला भर पावसात अंगणात ताटकळत ठेवलं, मग उरलीसुरली रोपं तिच्या पायाशी फेकली. आईने ती वाकून गोळा केली. मी शेजारी उभी होते.

लावणी उरकून मी कॉलेजात गेले. सर वर्गात म्हणाले, "तुझ्या गावाचं सहकार्य फार छान. पुढच्या सुट्टीतही तिथेच येऊ. काय काम करून हवंय, आईला विचारून ये."

मी विचारलं. आई भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

"या म्हनावं. काम हाय. माझ्या दिराच्या दारात उभं ऱ्हायचं आन् रोपं मागून आनायची. मला आता पुन्ना न्हाय जमनार."

दुसऱ्या दिवशी मी ते भर वर्गात, तिच्याच बोलीत, सरांना सांगितलं.