सहाचा भोंगा

आमच्या एल्डर्स फोर्ड गावात संध्याकाळी सहाला अग्निशामक केंद्राचा भोंगा वाजतो; तो जेवणाचा, असे सांगतात. तो वाजत असेतो कोणी बोलत नाही. घास हातात असेल तर हातातच राहतो. हा शिष्टाचार कोणी घालून दिला, ते विचारण्याची पद्धत नाही.

लॉर्ना हॅसलब्रिंक याच भोंग्यावर वाढली. तो झाला की खेळ टाकून घरी यायचे. पुढे ती गावच्या शाळेत इतिहास शिकवू लागली. शेजारच्या वर्गात मी लॅटिन शिकवीत असे. मितभाषी बाई, फळ्यावरची तिची ओळ कधी वाकडी गेली नाही. गोऱ्या गावातल्या गोऱ्या मुलांना ती गुलामगिरीचा धडा अशा रीतीने शिकवी, जणू ती दूर दक्षिणेत येऊन गेलेली एखादी साथ होती.

मग पुलापलीकडची रेनेटा बॉयकिन तिच्या वर्गात आली. वर्गातली एकटीच काळी मुलगी. नाटकाच्या तालमी अर्ध्या टाकून ती रोज सहाच्या आत निघून जाई. लॉर्नाने कारण विचारले.

"आजीचा नियम आहे, बाई. भोंगा व्हायच्या आत पूल ओलांडायचा. ती इथल्या हॉटेलात कपडे धुवायची ना, तेव्हापासून."

भोंगा काळ्या माणसांसाठी होता, सूर्य मावळायच्या आत त्यांनी गावाबाहेर पडावे म्हणून, हे लॉर्नाला तेव्हा उमगले. त्यानंतर सद्हेतूने तिने जे केले, ते आमच्यातल्या भल्या माणसांच्याच हातून घडते: तिने भर वर्गात रेनेटाला उभे करून ती हकीकत सांगायला लावली. वर्ग वळून त्या मुलीकडे पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी रेनेटाच्या शाळेतल्या कपाटावर कोणीतरी खडूने मावळता सूर्य काढून ठेवला होता. सोबत अक्षर एकही नव्हते.

लॉर्ना माझ्या वर्गात येऊन बसली. "गुन्हा आपल्या गावाचा, आणि साक्षीला उभं केलं त्या पोरीला. हे माझ्या तोंडून यायला हवं होतं."

तसे ते आले. तिने प्रत्येक वर्गात स्वतः सांगितले आणि मुलांना घरी आजोबांना विचारायला पाठवले. आठवडाभरात तिच्या दारातली टपालपेटी खांबासकट उखडली गेली. दुकानात ती शिरली की बोलणी थांबत. मग शाळा मंडळाने तिला सुनावणीस बोलावले; नोकरी राहणार की जाणार, ते तिथेच ठरायचे होते.

मंडळाचा अध्यक्ष व्हर्जिल स्टॉडर्ड हाच अग्निशामक दलाचा प्रमुख. त्याचा स्वर मायेचा होता.

"तू चांगल्या घरची लेक, लॉर्ना. सनावळ्या शिकव, प्रायश्चित्तं नकोत. चुकलं एवढं म्हण, आणि जा घरी."

"भोंगा जेवणाचा आहे, असं म्हणू?"

"जेवणाचाच आहे."

"मग एक दिवस बंद ठेव, व्हर्जिल. कोण उपाशी राहतंय बघू."

मागे कोणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले.

लॉर्नाच्या बाजूने बोलायला रेनेटाची आजी, ओडेसा बॉयकिन, ठेवणीतली टोपी घालून पुढे बसली होती. तिचे नाव पुकारले गेले. ती ताठ उभी राहिली, "मी या गावात" एवढे म्हणाली, आणि भोंगा सुरू झाला.

रिवाजाप्रमाणे सभागृह निःशब्द झाले. भोंगा वाजत असतानाच म्हातारीचा हात आपोआप पर्सकडे गेला. तिने शेजारी बसलेल्या नातीचे मनगट धरले, वळली आणि दाराकडे चालू लागली. उंबऱ्यापाशी पोचल्यावर तिचे तिलाच कळले. ती थबकली, पण मागे वळली नाही; तशीच बाहेर पडली. हे सर्वांनी पाहिले, मीही पाहिले. सारे आपापल्या बुटांकडे पाहू लागले.

भोंगा थांबला. स्टॉडर्डने घसा साफ केला. "साक्षीदार निघून गेल्या. मतं घेऊ."

लॉर्नाला काढून टाकायच्या बाजूने हात वर झाले, एकूण एक. लॉर्नाने कोट उचलला आणि त्या दोघींना गाठून त्यांच्यासोबत पुलाकडे निघाली.

दुसऱ्या संध्याकाळी भोंगा वेळेवर वाजला, पण थांबायच्या वेळी थांबला नाही. तो वाजतच राहिला, आणि बंद करा म्हणायलाही तोंड न उघडता, हातातले घास हातात धरून सारे गाव मुकाट बसून राहिले.