सह्यरंगचा अकरा नंबर

सह्यरंग कंपनीच्या फुटबॉल क्लबाने आपला इतिहास छापला तो अठ्ठ्याण्णव साली. गुळगुळीत कागद, रंगीत कव्हर, आणि पहिल्याच पानावर चेअरमनसाहेबांचा फोटो, जणू सगळे गोल त्यांनीच मारले होते. पुस्तिकेत लिहिलं होतं की क्लबाची स्थापना पंच्याऐंशी साली झाली. अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद आणि नव्वद अशी सलग तीन वर्षं क्लबाने औद्योगिक चषक जिंकला. आणि आता क्लब व्यावसायिक होतो आहे, गोव्या-केरळचे पगारी खेळाडू येणार, मोठ्या लीगमध्ये उतरणार. साल खरं, कप खरे, गोलांचे आकडेसुद्धा खरे. खोटं होतं ते एकच नाव. ज्याचं नाव तिथे असायला हवं होतं त्या बुधाजी नाखव्याबद्दल मी सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

बुधाजी पनवेलच्या कोळीवाड्यातला. ओहोटी लागली की खाडीकाठच्या चिखलात वाड्यातली पोरं फुटबॉल खेळायची, त्यात हा वाढला. घोटाभर चिखलातून ज्याने चेंडू पळवलाय, त्याला कोरड्या मैदानावर कोण अडवणार हो? त्यात गडी डावखोऱ्या पायाचा. समोरच्याला वाटायचं हा आत वळणार, आणि हा बाहेरून पसार. पण खेळाने पोट भरत नाही. खाडीतली मासळी घटली तसा तो तळोज्याला सह्यरंगच्या रंगाच्या कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून लागला. ड्रम भरायचे, ड्रम ढकलायचे. हाताचे तळवे बारा महिने लाल.

आता अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. कंपन्यांच्या त्या स्पर्धेचा नियम असा, की मस्टरवर पर्मनंट म्हणून नाव असेल त्यानेच खेळायचं. फोटोचं कार्ड दाखवायचं, मगच मैदानात पाय. सह्यरंगचा अकरा नंबर, म्हणजे डाव्या बाजूने धावणारा गडी, होता टाइम ऑफिसातला क्लार्क प्रभाकर. धावणारा म्हणायचं आपलं. त्याला पळताना पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय. पण पर्मनंट होता ना! स्पर्धेच्या तोंडावर त्याला कावीळ झाली. क्लब सांभाळायचे पर्सोनेल ऑफिसर उदयसिंह साहेब. जेवणाच्या सुट्टीत कामगार गेटामागे खेळायचे, तिथे त्यांनी बुधाजीला हेरलं होतं. त्यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि चक्क खुर्ची दिली.

"प्रभाकरच्या कार्डावर खेळशील का रे?"

"मंजे मी परभाकर व्हायचा?"

"दीड तासाचा प्रश्न आहे. कप आण, पुढच्या भरतीत तुला पर्मनंट करतो. माझा शब्द."

कंत्राटी माणसाला पर्मनंट हा शब्द ऐकवणं म्हणजे उपाशी माणसासमोर ताट वाढणं. बुधाजी हो म्हणाला. कोण नाही म्हणालं असतं? कार्डावरच्या फोटोत मिशी होती, म्हणून त्याने मिशी वाढवली. बाकीचा चेहरा शिक्क्याच्या शाईने माखला होता, त्याची काळजी नव्हती. खरी पंचाईत हातांची. टाइम ऑफिसातल्या क्लार्कचे तळवे लाल कसे? बुधाजीची बायको गुणाबाई मॅचच्या सकाळी घासलेट आणि राख घेऊन त्याचे हात घासत बसायची, आणि तोंडाने उदयसिंह साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार चालू.

"तुजा पाय, तुजा घाम, आन् नाव त्या मेल्याचा?" ती म्हणायची.

"एकदा पर्मनंट होऊंदे, मंग बोल."

फायनलला बुधाजीने दोन गोल मारले. दुसरा तर असा, की समोरच्या टीमचा गोलकीपर, ओवे गावचा गणू, आडवा पडला तो चेंडू जाळीत गेल्यावरच उठला. एका साप्ताहिकाने फोटो काढला: बुधाजी हवेत, डावा पाय पुढे, खाली गणू मातीत. पेपरात खाली छापलं, 'विजयी गोल नोंदवताना प्रभाकर'. प्रभाकर तेव्हा घरात पडून उसाचा रस पीत होता.

कप आला तसे चेअरमन खूश झाले. कोळीवाड्यातल्या खेळणाऱ्या पोरांना घ्या म्हणाले. चार पोरं पर्मनंट झाली, त्यात गुणाबाईचा सख्खा भाऊ बाळूसुद्धा. बुधाजीनेच त्याला चेंडू मारायला शिकवलं होतं. बुधाजी साहेबांकडे गेला, तर साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "अरे बाबा, तुला खेळाडू म्हणून कसा घेऊ? कागदावर तू खेळलाच नाहीस. आणि तुझ्या नावाने तुझा फोटो लावून कार्ड काढलं, तर एकाच तोंडाची दोन नावं होतील. कप जाईल. जरा दम धर."

बघा काय गंमत आहे! जितका चांगला खेळेल तितका हा जास्त प्रभाकर होणार, आणि जितका प्रभाकर होणार तितका पर्मनंट व्हायचा राहणार. एवढं साधं कोडं, पण बुधाजीला ते दिसलं नाही, किंवा दिसूनही त्याने डोळे मिटले. एकोणनव्वदला पुन्हा कप आणला. नव्वदला पुन्हा. दर वर्षी साहेब पाठीवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, या वर्षी नक्की. प्रभाकरला मात्र खेळातल्या कामगिरीबद्दल बढती मिळाली. हेडक्लार्क झाला. गेटवर समोरासमोर आला की मान खाली घालून निघून जायचा. तेवढी लाज होती म्हणायची.

एक्याण्णवला कल्याणच्या मैदानावर सेमीफायनलला बुधाजीचा डावा पाय नडगीतून मोडला. कंपनीच्या गाडीतून दवाखान्यात नेला, तिथे नाव घातलं प्रभाकर. एक्स-रेवर नाव प्रभाकर, प्लास्टरच्या कागदावर नाव प्रभाकर. औषधपाण्याचा खर्च प्रभाकरच्या खात्यावर, पगारी रजा प्रभाकरला. आणि खरा प्रभाकर कामावर परत आला तो हातात काठी घेऊन! रेकॉर्डप्रमाणे पाय त्याचा मोडला होता ना. बिचारा तीन महिने टाइम ऑफिसात लंगडत फिरत होता. कधी उजव्या पायाने लंगडायचा, कधी डाव्या, त्याचं त्यालाच आठवायचं नाही. कॅन्टीनमध्ये लोक पोट धरून हसायचे.

कोळीवाड्यात कुणी हसत नव्हतं. बुधाजी घरात पाय लांब करून पडला होता, आणि कंत्राटदाराने आठव्या दिवशी दुसरा माणूस लावला. बुधाजीला अपघात झाला असा कागदच कुठे नव्हता. गुणाबाईने मासळीची पाटी उचलली आणि बाजारात बसायला लागली. एकदा ती पदर खोचून निघाली, कंपनीच्या गेटवर जाऊन बोंब ठोकते म्हणून. बुधाजीने दारातच तिचा हात धरला.

"बाळूची नोकरी हाय तिथं," तो म्हणाला. "आन् सायेबांचा शब्द हाय."

गुणाबाई मटकन खाली बसली आणि रडली. साहेबांच्या शब्दासाठी नव्हे, भावासाठी गप्प बसली.

पाय जुळला, पण वाकडा जुळला. मग सात वर्षं बुधाजीने मिळेल ते काम केलं. करंजाड्याकडे कुणाच्या बांधकामावर पाणी मार, कुणाच्या गोडाऊनवर बस. क्लबाचं नाव घरात निघत नव्हतं. त्याची पोर समृद्धी सातवीत गेली, तिला बाप कधी खेळायचा हेच माहीत नव्हतं.

आणि मग ती पुस्तिका आली. बाळूने घरी आणून टाकली, त्याला आपला फोटो दाखवायचा होता. समृद्धीने पानं उलटली आणि मधल्या पानावर थांबली. तो साप्ताहिकातला फोटो, अख्खं पान भरून.

"बाबा, हे तुम्ही आहात!"

बुधाजी बघत राहिला. दहा वर्षांपूर्वीचा तो, अंगात अकरा नंबर, दोन्ही पाय सरळ. खाली नाव प्रभाकरचं, पण तोंड कुणाचं ते आंधळ्यालाही कळलं असतं. त्या दिवशी तो पोरीला शेजारी बसवून पहिल्यांदा सगळं बोलला. चिखलातला खेळ, घासलेट, दोन गोल, मोडलेला पाय. पोर डोळे मोठे करून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी ती पुस्तिका दप्तरात घालून गेली आणि अख्ख्या वर्गाला दाखवून आली. माझे बाबा, म्हणाली. बाईंनीसुद्धा पाहिलं.

काय सांगू, माणूस हवेत चालायला लागला. फोटो आहे म्हणजे पुरावा आहे, आता साहेब नाही कसं म्हणतील? मनाशी वाक्यं जुळवत होता बिचारा. तेवढ्यात बाजारात, गुणाबाईच्या पाटीसमोर, गणू भेटला. तोच ओव्याचा गोलकीपर. तो आता दुसऱ्या एका क्लबाचा मॅनेजर होता आणि सह्यरंगला जायचं होतं त्याच लीगमध्ये जागा मिळवायच्या धडपडीत होता. हे बुधाजीला कुठून ठाऊक असणार? त्याने पुस्तिका काढली आणि त्याच्या नाकासमोर धरली.

"वळखला का रं? ह्यो मी. आन् खाली पडलाय त्यो तू!"

गणू मोठ्याने हसला. "मला तवाच संशय हुता. त्यो डावा पाय क्लार्कचा नव्हंच!" बुधाजीला मिठी मारली, चहा पाजला, आणि जाताना म्हणाला, "पुस्तक जरा देतोस का? दोन दिसांत आणून देतो."

बुधाजीने दिलं. दहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याला त्याच्या नावाने शाबासकी दिली होती. अंगातला शर्ट मागितला असता तरी दिला असता.

आठवड्याच्या आत फुटबॉल असोसिएशनकडे गणूच्या क्लबाची तक्रार गेली: सह्यरंगने बोगस खेळाडू उतरवून तीन कप जिंकले, यांना लीगमध्ये घेऊ नये. सोबत पुस्तिकेचं पान आणि प्रभाकरचा आत्ताचा फोटो.

रविवारी सकाळी कोळीवाड्याच्या तोंडाशी कंपनीची गाडी थांबली. उदयसिंह साहेब आता डायरेक्टर झाले होते, केस पांढरे, पण आवाज तसाच समजुतीचा. सोबत बाळू. साहेब आयुष्यात पहिल्यांदा बुधाजीच्या घरात आले आणि खाटेवर बसले. स्टॅम्प पेपर टाइप करूनच आणला होता. साहेबांनी तो वाचून दाखवला. मी, बुधाजी नाखवा, असं लिहून देतो की पुस्तिकेतल्या फोटोतला इसम मी नव्हे. मी कधीही फुटबॉल खेळलेलो नाही.

"आणि हा दुसरा कागद," साहेब म्हणाले. "उद्यापासून आपल्या ग्राउंडवर माळी म्हणून. पर्मनंट. शब्द दिला होता ना मी?"

बाळू जमिनीकडे बघत म्हणाला, "भावजी, त्या कपावर आमी चौघं लागलो. कप गेला तर आमाला ठेवतील का? लेकरंबाळं हायेत."

बुधाजीने गुणाबाईकडे पाहिलं. त्याला वाटलं, ही आता उसळेल, कागद फाडून साहेबांच्या अंगावर टाकेल. हात घासताना जी बाई तोंडाचा पट्टा चालवायची ती आता भावाच्या तोंडाकडे बघत होती. मग ती उठली आणि चहा टाकायला आत गेली.

तो सही करायला फार वेळ लावील असं तुम्हाला वाटलं असेल. नाही लावला. वाकडा पाय, बाजारात बसणारी बायको आणि एकुलती पोर असलेल्या माणसाने किती वेळ लावायचा? त्याने दोन्ही कागदांवर सही केली. क्लबाच्या कागदावर त्याचं नाव आलं ते असं.

साहेबांनी कागद फुंकून वाळवला आणि घडी केली. "असोसिएशनचा माणूस चौकशीला येईल," उठता उठता म्हणाले. "वाड्यात विचारेल, पोरीच्या शाळेतही विचारेल. ती काहीतरी बोलून बसलीय म्हणे. तेवढं बघ."

गाडी गेली. समृद्धी उंबऱ्यात उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. बुधाजीने तिला जवळ बोलावलं. ती आली नाही, तिथूनच विचारलं.

"मी वर्गात सगळ्यांना सांगितलंय बाबा. बाईंना पण. आता काय सांगू?"

"सांग, त्यो मानूस दुसरा हाय."

"म्हणजे मी खोटं बोलले, असं सांगू?"

गुणाबाई चहा घेऊन बाहेर आली आणि दोघांकडे बघत उभी राहिली. बुधाजीने पोरीच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

"हां," तो म्हणाला. "तसा सांग."