मनुबाईचे रिकामे डबे

सत्त्याऐंशी साली कोलशेतला कीटकनाशकांच्या कंपनीच्या गेटवर मनुबाई कोळीण भांडत होती, ते तिच्या सुनेने, मालनने ऐकलं.

"म्हातारे, औषध विकलं की डबा तुमचा!" वॉचमन ओरडला.

"विष तुमचं, मग डबा आमचा कसा रे?"

त्याआधी याच कंपनीच्या ढेकणांच्या औषधाचा रिकामा डबा मनुबाईनेच राखेने घासून त्यात सुका जवळा भरलेला. तो खाऊन मालनची पोर गेली. मालन त्यावरून सासूला कधी बोलली नाही. मनुबाई मात्र घरोघरचे असले रिकामे डबे मागून गेटवर ठेवू लागली. कंपनी ते भंगारवाल्याला विकते, हे मालनला कळलेलं. तिने सांगितलं नाही.

मनुबाई वारली त्या दिवशी सकाळी तिला ताप होता. तरी मालनने डब्यांची आणि मासळीची पाटी तिच्या डोक्यावर चढवली. मनुबाईने गेटवर डबे रचले, वॉचमनला दोन शिव्या हासडल्या आणि ती मासळी विकायला गेली.