आईचं तळघर

लेनोर उत्तर ध्रुवाजवळच्या आमच्या गावात आली ती आमचा बर्फ का पातळ होतोय आणि त्यानं आमचं काय होतंय, याचा अभ्यास करायला. त्याच हिवाळ्यात आमची आई वारली; कुनुयाक तिचं नाव. गेलेल्या माणसाचं नाव आम्ही कुणालातरी देतो, म्हणजे ते माणूस घरात राहतं. माझा धाकटा भाऊ विल्बर, देवमाशाच्या शिकारीला जाणाऱ्या नावेचा तांडेल, त्यानं ते लेनोरला दिलं. तेव्हापासून हा साठीला टेकलेला बाप्या तिशीतल्या बाईला चारचौघांत आई म्हणू लागला. मीही म्हणायचे, पण मनात आलं तरच.

बाई मेहनती, खाण्यापिण्याचे नखरे नाहीत. पण काय करावं असं कुणी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं. निर्णय तुमचा, मी फक्त समजून घेतेय. इतकी वर्षं आमच्यात जेवून नुसतं समजूनच घ्यायचं? मला रागच यायचा.

आईनं गोठलेल्या जमिनीत खोदून घेतलेलं, मांस साठवायचं तळघर अलीकडे उन्हाळ्यात पाझरायला लागलं होतं. गावानं सांगितलं, बुजव. विल्बर ऐकेना. ज्याचं तळघर स्वच्छ, त्याच्याच नावेकडे देवमासा येतो. शिवाय तळघर आईचं, ते बुजवणारा मी कोण, म्हणायचा.

यंदा उन्हाळा सरताना, शिकारीच्या आधी, तो चिखल उपसायला खाली उतरला. मी आणि लेनोर वरून बादल्या ओढत होतो. भिंतीचा एक मोठा लगदा सुटून त्याच्या पायाशी पडला. मी म्हटलं, वर ये.

"झालंच ताई, एवढा कोपरा."

आणखी एक पडला. लेनोर पांढरीफटक झाली होती.

"तू सांग," मी तिला म्हटलं. "माझं नाही ऐकायचा तो."

तिनं हातातली बादली खाली ठेवली. मग तळघराच्या तोंडाशी वाकून ओरडली.

"विल्बर, वर ये. हे तळघर मी खोदून घेतलंय, मीच सांगतेय. पुरे आता. बुजवून टाक."

खाली फावडं थांबलं. विल्बर निमूट शिडी चढून आला. थोड्याच वेळात ती भिंत खाली बसली.

लेनोर तिथंच मटकन बसून रडायला लागली. मला हे सांगायचा हक्क नव्हता, असं म्हणत राहिली.

"उगी, आई," मी म्हटलं.

विल्बर बुटातला चिखल काढत होता. मान वर न करता मला म्हणाला, "होती तेव्हाही अशीच ओरडायची."