पाण्याच्या बाटलीतली वाइन

वाइन तोंडात घ्यायची, जिभेवर फिरवायची आणि थुंकायची, हे माझं काम आहे. कोल्हापुरात कुणाला हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "थुंकायची? मग पगार कशाचा देतात?" घरी मात्र असं कुणी विचारत नव्हतं. घरात मी आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, दोघंच; आणि त्यांच्यासमोर मी हे कधी पूर्ण वाक्यात बोललेच नव्हते. आम्ही जैन. आप्पांनी सगळी हयात गुळाच्या पेठेत अडत करण्यात काढली, सूर्य मावळायच्या आत जेवले, घरात कांदा-लसूण येऊ दिला नाही. आपली मुलगी नाशिककडच्या वायनरीत दहा वर्षं प्रयोगशाळेत होती, एवढं त्यांना ठाऊक होतं. प्रयोगशाळा या शब्दानं आम्हा दोघांचीही सोय केली होती.

आई गेल्यावर मी नाशिक सोडून कोल्हापूरला परत आले. कळंब्याच्या बाजूला एक नवं हॉटेल झालं होतं. त्याच्या मालकांना खास आपल्या हॉटेलची म्हणून एक रेड वाइन हवी होती. दुकानातून उचललेली नको, बाटलीत भरायच्या आधीच लाकडी पिंपाशी उभं राहून निवडलेली हवी. त्यासाठी त्यांनी मला ठेवलं.

बाटलीत जायच्या आधीची रेड वाइन आवडावी अशी नसतेच. ती तोंडात घेतली की हिरड्या आवळतात, गालाच्या आतली कातडी कच्ची सुपारी चावल्यासारखी होते. लाकडाचा वास वर, फळाचा कुठंतरी खाली. असल्या अर्धवट मालाची आज चव घ्यायची आणि तीन वर्षांनी तो कसा होईल ते आज सांगायचं. बरोबर सांगितलं की चुकलं हे कळायलाही तीन वर्षंच लागतात. माझा स्वभाव मुळात घोर लावून घेणारा. गॅस बंद केलाय का हे बघायला मी जिन्यावरून परत येते. अशा बाईनं हे काम का धरलं, याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

त्या एप्रिलमध्ये, एका गुरुवारी, मी तासगावच्या पलीकडं एका लहानशा वायनरीत गेले. ती चालवणारा माणूस माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. मी त्यांना दादा म्हणायचे, ते मला ताई. खायच्या द्राक्षांची वडिलोपार्जित बाग मोडून त्यांनी वाइनसाठी शिराझ लावली होती आणि त्यावरून भाऊबंदांचं बरंच ऐकून घेतलं होतं. आदल्या वर्षीच्या सगळ्यांत चांगल्या द्राक्षांची त्यांनी तीन पिंपं भरली होती. चौदा महिने झाले होते. पावसाळ्याआधी बाटल्या भरायच्या होत्या.

दादांनी पहिल्या पिंपाचं बूच काढलं, काचेची लांब नळी आत सोडली, वरचं तोंड अंगठ्यानं दाबून वाइन उचलली आणि माझ्या ग्लासात सोडली. मी वास घेतला आणि तशीच उभी राहिले. पिकलेलं जांभूळ, त्यामागून ताजी कुटलेली मिरी, आणि आणखी काहीतरी, ज्याला मला नाव देता येईना. तोंडात ती तेवढी भरत नव्हती, पण वास असा की ग्लास खाली ठेववेना. दुसऱ्या पिंपाला वास बेताचा, पण अंग होतं. जिभेवर जड, मऊ. तिसरं नुसतं तुरट, कडक, पण टिकणारं.

"कसं हाय ताई? खरं सांगा की."

"दादा, तिन्ही एकत्र केली तर आपल्या भागात अशी वाइन मी अजून चाखलेली नाही."

ते हसले नाहीत. नळी पुसत राहिले. पुसून झाली तरी पुसत होते.

मालकांनी आधी बजावलं होतं की स्वतः चाखल्याशिवाय ते होकार देणार नाहीत. नमुना घेऊन या. नमुन्यासाठी माझ्याकडं काचेच्या बाटल्या आणि बर्फाची पेटी असते. ती पेटी मी त्या दिवशी घरी, दारातल्या चपलांच्या स्टँडवर विसरले होते. हे मला वायनरीतच कळलं. दादांना सांगायची लाज वाटली. गाडीत पाण्याची एक प्लास्टिकची बाटली होती, ती रिकामी करून मी पुढं केली. तिन्ही पिंपांतलं थोडं थोडं घेऊन बाटली पाऊण भरली. वर हवा राहिली. पिंपांतनं आणखी काढा म्हणायला मला धीर झाला नाही.

आप्पा त्या दिवशी इचलकरंजीला, आत्याकडं होते. त्यांना घेऊन कोल्हापूरला जायचं होतं. आत्यानं जेवायला बसवलं, मग पन्हं, मग मागच्या बाजूच्या नव्या यंत्रमागांची शेड बघायला नेलं. दोन तास गाडी उन्हात उभी होती. निघताना आप्पांच्या पायाशी ती बाटली गरगरत आली.

"हे काय गं?"

"कामाचं आहे आप्पा."

त्यांनी बाटलीकडं एकदा बघितलं आणि पाय उचलून दुसरीकडं ठेवले. कोल्हापूर येईपर्यंत आम्ही दोघं आत्याच्या गुडघ्यांबद्दल बोलत होतो.

शुक्रवारी सकाळी हॉटेलात मालकांनी ग्लास भरला, एक घोट घेतला आणि माझ्याकडं बघितलं. "मॅडम, हीच का ती?"

मी चाखली. शिळ्या सफरचंदाचा वास. जांभूळ उकळून उकळून त्याचा जॅम झालेला. मागं आंबट, पोकळ काहीतरी. मिरी कुठंच नव्हती.

खरं कारण मला त्याच क्षणी ठाऊक होतं. ऊन, हवा, प्लास्टिक. "नमुना मी नीट आणला नाही, माझी पेटी राहिली" एवढंच म्हणायचं होतं. पण मालक समोर बसले होते, त्यांचा व्यवस्थापक शेजारी उभा होता, आणि नोकरीला लागून मला सहाच महिने झाले होते. शिवाय दुसरा एक विचार घुसला. फेब्रुवारीत मला जोराची सर्दी झाली होती, आठवडाभर कशाचाच वास येत नव्हता. नाक पूर्ण परत आलंय, हे मी कशावरून धरून चालले होते? कदाचित पिंपाशी मला जे लागलं तेच खोटं असेल. हा विचार मनात आल्याबरोबर मला तो सोयीचा वाटला, हे आता कळतं.

"काल वेगळी वाटली होती," मी म्हणाले.

"काल तुम्हाला वाटली. आज मला ही वाटतीय. नको म्हणून कळवा त्यांना."

मी गच्चीत जाऊन फोन केला. मालकांना नमुना पसंत पडला नाही, असं सांगितलं.

"आणि तुम्हाला?" दादांनी विचारलं.

"मलाही आज... तशी नाही लागली."

"बरं," ते म्हणाले. "मग ह्याला येगळं ठेवून काय करू? टाकीतल्या साध्या मालात ओततो सोमवारी. तेवढीच पिंपं मोकळी."

फोन ठेवल्यावर मी गच्चीतल्या गच्चीत येरझारा घालत होते. खाली उतरले, पुन्हा वर गेले. संध्याकाळी घरी मसाल्याच्या डब्यातल्या एकेका वाटीचा डोळे मिटून वास घेतला. जिरं, मोहरी, दगडफूल, लवंग. सगळे बरोबर ओळखले. मग वाटलं, डबा रोजचा, वाट्यांची जागा हातालाच पाठ आहे, यात कसली परीक्षा? सगळ्या वाट्या ओट्यावर ओतून, मिसळून, पुन्हा एकेक चिमूट उचलून हुंगली. आप्पा दारात उभे राहून बघत होते. मग परत गेले.

शनिवारी पावणेसहाला आम्ही जेवायला बसलो. मी पहिल्या भाकरीचा तुकडा मोडून तसाच धरून बसले होते.

"दोन दिवस बघतोय," आप्पा म्हणाले. "काय झालंय?"

आणि मी सांगितलं. सगळंच. प्रयोगशाळा वगैरे नव्हे. तोंडात घेते, थुंकते, त्यावर भाव ठरतो, हे सगळं. मग पेटी, बाटली, आत्याकडचं ऊन, मालक, फोन. ते ऐकताना आमटीत भाकरी कुस्करत होते. बोलून झाल्यावर मला वाटलं, आता उठून जातील.

"मी एकदा बावड्याच्या बाजूच्या एका गुऱ्हाळवाल्याचा गूळ नाकारला होता," ते म्हणाले. "पाऊस होता. त्याचा भाऊ खिशात कागदात गुंडाळून तुकडा घेऊन आला. ओल लागलेली, कागदाचा वास लागलेला. मी चाखलं आणि म्हटलं, चालणार नाही. खरं तर गाडी काढून गुऱ्हाळावर, गुळाच्या रव्यांपाशी जायचं होतं. कंटाळा केला."

"मग?"

"मग काय. उद्या जाऊ, परवा जाऊ. तो परत माझ्या अडतीवर आलाच न्हाई. दुसऱ्याकडं तोच गूळ मी नंतर बघितला. तसा पिवळा, कणीदार माल त्या हंगामात पेठेत आला नव्हता." ते पाणी प्यायले. "तुझा धंदा मला पटत न्हाई. आजही पटला न्हाई. पण तुला ठाऊक होतं, आणि तू गप्प बसलीस. ते त्याहून वाईट."

रविवारी सकाळी साडेसातला मी हातकणंगले ओलांडलं होतं. दादांना दोनदा फोन लावला, उचलला नाही. सांगलीच्या पुलावर वाहनं अडली होती, तिथं मी स्टेअरिंगवर बोटं आपटत बसले. शेजारच्या टेम्पोवाल्यानं विचारलं, "अक्का, दवाखान्यात निघालाय का?" मी नाही म्हटलं, तर तो म्हणाला, "मग एवढी घाई कशाची?"

दादा वायनरीच्या पायरीवर बसले होते. मला बघून उठले नाहीत.

"ओतलीत?" मी विचारलं.

"एक ओतलं. काल गडी हाताशी होते म्हणून. दुसऱ्याला हात लावू वाटला न्हाय."

"कुठलं ओतलं?"

"पहिलं."

पहिलं म्हणजे ते वासाचं. मी तिथंच पायरीवर बसले आणि पेटीचं सांगितलं. घरी विसरले, सांगायची लाज वाटली, बाटली उन्हात राहिली, आणि शुक्रवारी हे मला ठाऊक असून मी वाइनवर ढकललं. मधे त्यांनी मला थांबवलं नाही. मला वाटत होतं थांबवावं.

"चौदा महिने मी ह्या खोलीत रोज दोनदा येतोय," ते शेवटी म्हणाले. "भाऊ म्हणायचा, कोण घेणार तुझं? मी म्हणायचो, एक ताई हायत कोल्हापूरच्या, त्यास्नी कळतंय. फोनवर एवढंच म्हणायचं होतं की, बाटली खराब होती. एवढंच."

ते आत गेले, मला हाक मारली. माझ्याकडं पाठ करून त्यांनी तीन ग्लास भरले आणि ओळीनं ठेवले. "सांगा."

पहिला चाखला, थुंकला. दुसरा. तिसरा. पुन्हा पहिला.

"पहिला आणि तिसरा एकच. दोन्ही दुसऱ्या पिंपातले, अंगाचे."

"व्हय. आणि मधला?"

मधल्या ग्लासात पातळ, साधी, नवी वाइन होती. आणि तिच्या तळाशी, खूप लांबून, जांभूळ आणि मिरी.

"ही टाकी," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि ग्लास विसळायला घेतले.

सोमवारी मी मालकांना सगळं सांगितलं. नोकरी जाईल हे धरूनच गेले होते. ते चिडले, चांगलेच चिडले. "हे शुक्रवारी बोलायला काय झालं होतं?" हेच तीनदा विचारलं. पण बुधवारी स्वतः माझ्याबरोबर तासगावला आले. पिंपाशी उभं राहून प्यायले, थुंकले नाहीत. उरलेली दोन्ही घेऊया म्हणाले आणि दादांना, "पहिल्याचं काय झालं?" असं विचारलं. दादा माझ्याकडं न बघता म्हणाले, "ते टाकीत गेलं."

जूनच्या आधी बाटल्या भरल्या. भरल्यावर काही महिने वाइन मुकी होते, कशाचाच वास देत नाही. हे मला पक्कं माहीत असून मी चार बाटल्या उघडून बघितल्या आणि प्रत्येक वेळी बूच परत लावून ठेवलं. डिसेंबरात ती हळूहळू बोलायला लागली. आता हॉटेलात ती मटणाच्या ताटाबरोबर मागितली जाते, लोक नाव काढतात. मी चाखते तेव्हा मला तिच्यात काय नाही तेच आधी कळतं.

आप्पांनी एकदाच विचारलं, "त्या माणसाचं झालं का?"

"दोन पिंपं घेतली."

"आणि तिसरं?"

"गेलं."

त्यानंतर पेटी कधी विसरले नाही, पण गाडी सुरू करण्याआधी मी दोनदा उतरून डिकी उघडते.

दादांचा मागच्या आठवड्यात फोन आला. हल्ली ते मला मॅडम म्हणतात. यंदा माल बरा आहे म्हणाले, आणि पिंपं भरेपर्यंत कशाला थांबायचं, तोडणीलाच या, वेलीवरचं द्राक्ष चावून सांगा कुठली ओळ वेगळी भरू. द्राक्षावरून वाइन सांगायची म्हणजे आणखी दीड वर्ष आधीचा अंदाज. मी बघते म्हणाले. काल त्यांचा निरोप आला की शनिवारी तोडणी आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.